रक्त वाढल्याचा नारळ

आमच्या मंडळींचं हिमोग्लोबिन लग्न झाल्यापासून साडेदहाच्या वर कधी गेलं नाही. सातबाऱ्यावरच्या नोंदीसारखा तो आकडा आमच्या घरात कायम होता. तो हलवायला मी काय केलं नाही? रत्नागिरीच्या बाजारात उतरणारं निम्मं बीट आमच्याच घरात संपत असणार. आळिवाचे लाडू झाले, नाचणीची आंबील झाली, खजूर झाले, कुळथाचं कढण झालं. लोखंडी कढईतलं खावं असं कोणी सांगितलं, तर मी भंगारातून अशी कढई आणली की ती गॅसवर चढवायला दोन माणसं लागत आणि उतरवायला तीन. भाजी काळी व्हायची, बायकोचं तोंड रागाने लाल व्हायचं आणि रक्त साडेदहाला बसलेलं असायचं.

शेवटी मी गावदेवाला नवस बोललो. म्हटलं, हिचं रक्त एकदा बाराच्या वर ने, पाच नारळ देईन आणि चारचौघांत गाऱ्हाणं घालीन. त्या गोष्टीला दहाअकरा वर्षं झाली. देवानेही बहुधा बीट आणि कढई यांची हकिगत ऐकून हात टेकले होते.

माझं बोलणं आमच्या वाडीत बारा आणे वजा करून ऐकतात. बायको साडेपंधरा आणे वजा करते. गेल्या ऑक्टोबरात घडलेल्या या प्रकरणात मात्र मी पदरचं काही घालू शकलो नाही. जे घडलं ते माझ्या सगळ्या थापांच्या वरचढ होतं.

मी आंब्याच्या कलमांच्या फवारणीचे पंप दुरुस्त करतो. शहराबाहेर बागांकडे जाणाऱ्या रस्त्याला माझी शेड आहे आणि शेडच्या मागे घर. पाऊस सरला की बागायतदार पंप घेऊन येतात, आणि पंप चालवून बघायचा तर पाणी लागतं. त्यासाठी शेडच्या कडेला निळी पिंपं भरून ठेवलेली असतात. आरोग्य केंद्राची आशाताई दर पंधरा दिवसांनी येऊन पिंपात डोकवायची आणि कपाळाला हात लावायची.

"काका, किती वेळा सांगू? अळ्या झाल्यात. पाणी ओता, तळ घासा, वर फडकं बांधा."

"ताई, माझ्या पिंपातले डास फवारणीच्या औषधावर वाढलेत. ते माणसाला चावले तर माणसाला मोहोर येईल."

ती हसली. मीही हसलो. गिऱ्हाइकं तर इतकी हसली की एकाला उचकी लागली. पाणी होतं तिथेच राहिलं.

आणि एका रविवारी बायकोला ताप भरला. तोही साधा नाही. थर्मामीटरचा पारा एकशे चारला जाऊन तिथे मुक्कामाला बसला. डोळ्यांच्या मागे कोणी खुंटी ठोकतंय असं ती म्हणायला लागली. सोमवारी डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं आणि संध्याकाळी उत्तर आलं, डेंग्यू.

डॉक्टर शांत माणूस. म्हणाले, "घरीच ठेवा. पाणी, सरबत, पेज, शहाळं, सारखं काहीतरी पोटात जाऊ दे. रोज रक्त तपासू. आणि हे नीट ऐका. ताप उतरला की..."

ताप उतरणार हे ऐकताच माझे कान समाधानाने मिटले. पुढे ते पोट दुखणं, उलट्या, गळून जाणं, असलं काहीतरी सांगत होते. मी मान हलवत होतो आणि मनातल्या मनात पपईचं झाड शोधत होतो. डेंग्यू म्हटला की प्लेटलेट आणि प्लेटलेट म्हटल्या की पपईच्या पानांचा रस, एवढं वैद्यकशास्त्र आमच्याकडे रिक्षावाल्यालाही पाठ आहे.

रोज सकाळी रक्त न्यायला लॅबवाली ताई स्कूटरवरून यायची. ही ताई आमची जुनीच. बायकोचं ते साडेदहा गेली कित्येक वर्षं हीच मोजत आली. या वेळी मात्र तिने एकाऐवजी दोन बाटल्या भरल्या, आणि त्याआधी बायकोकडून एका कागदावर सही घेतली.

"ही दुसरी कशाला?" मी विचारलं. "तुमच्या घरी काय डास जावई म्हणून आलेत, त्यांना पाहुणचार करायचाय?"

"काका, अभ्यासासाठी आहे. डेंग्यू झालेल्या बहुतेकांचा ताप असाच येतो आणि असाच जातो. थोड्यांचं मात्र मध्येच एकदम बिघडतं. कुणाचं बिघडणार ते पहिल्या दोन दिवसांच्या रक्तात कुठेतरी दिसत असेल का, अशी खूण मोठ्या रुग्णालयातले डॉक्टर शोधतायत."

"खूण मी सांगतो. जिचा नवरा माझ्यासारखा, तिचं बिघडणार नाही."

बायको अंथरुणातून म्हणाली, "ताई, लवकर भरा बाटली. यांचं ऐकून माझं रक्त गोठेल."

मग सुरू झाला प्लेटलेटचा सामना. माझा मेहुणा लांज्याला असतो. त्याला काजूच्या धंद्यात मोजमापाची इतकी सवय की तो बहिणीचीही प्रत विचारल्यासारखं विचारायचा, "आज किती?" मी सांगायचो, एक लाख साठ. दुसऱ्या दिवशी एक लाख दहा. "घसरली की हो भावोजी! रस वाढवा." मी रस वाढवला. तो हिरवा, कडू रस पिताना बायको माझ्याकडे ज्या नजरेने बघायची, त्या नजरेने एखादा डास जागीच मेला असता.

गुरुवारी सकाळी मी तिच्या कपाळाला हात लावला आणि ओरडलोच. कपाळ थंड! चार दिवस ज्याच्यावर भाकरी भाजता आली असती, ते कपाळ थंडगार. मी म्हटलं, "अगो, उतरला ताप!"

"उतरला असेल," ती म्हणाली. "पोटात दुखतंय पण."

"रसाने दुखतं थोडं."

"आणि मळमळतंय."

"रसच तो. औषध लागू पडतं तेव्हा असंच होतं."

सकाळी ती दोनदा ओकली. मी ते रसाच्या खात्यावर टाकलं. मग ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. चार दिवसांची दमली आहे, झोपू दे, असं म्हणून मी शेजारच्या काकींना तिच्याजवळ बसवलं आणि शेडमध्ये आलो.

दहाच्या सुमारास मोबाईलवर रिपोर्ट आला. प्लेटलेट बहात्तर हजार. मेहुण्याच्या मते पन्नासच्या खाली जाईपर्यंत घाबरायचं कारण नव्हतं, म्हणून मी घाबरलो नाही. आणि मग माझी नजर वर गेली. हिमोग्लोबिन, तेरा पूर्णांक नऊ.

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तेरा पूर्णांक नऊच. सोमवारच्या रिपोर्टात दहा पूर्णांक चार होतं, ते तीन दिवसांत चौदाच्या उंबरठ्यावर! मशीन वाईट आकड्यापुढे चांदणी छापतं, आणि आमच्या हिच्या हिमोग्लोबिनपुढे कायम चांदणी असायची. आज आयुष्यात पहिल्यांदा चांदणी नव्हती. बाईमाणसाचं जेवढं असावं तेवढं बरोबर. मला वाटलं, पपईच्या रसाने प्लेटलेट वाढल्या नाहीत तर न वाढोत, रक्त तर वाढलं! मी शेडमध्ये अशी आरोळी मारली की पंप घेऊन आलेलं गिऱ्हाईक मागच्या मागे पिंपावर आदळलं.

मी आत धावलो. "अगो, रक्त वाढलं तुझं! तेरा पूर्णांक नऊ!"

तिने डोळे अर्धवट उघडले. "बरं," म्हणाली. एवढंच. नेहमीची असती तर म्हणाली असती, तुमचं मीटर बिघडलं असेल. ती काही बोलली नाही, आणि मला त्याचंही काही वाटलं नाही.

नवस अकरा वर्षं तुंबलेला. मी नारळ घेतले, पेढे घेतले, टेम्पो देवळाशी नेऊन उभा केला आणि गावच्या मानकऱ्यांना घरातून उठवून आणलं. मानकरी म्हणजे देवापुढे गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालण्याचा ज्यांचा मान आहे ते आजोबा. वय नव्वदीकडे, पण आवाज असा की गाऱ्हाणं देवाआधी बंदरावर ऐकू जावं. पाचसहा माणसं जमली. नारळ ठेवले. मोबाईल मी टेम्पोतच ठेवला होता, देवापुढे वाजू नये म्हणून.

आजोबांनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरं तुझ्या पायाशी उभी आहेत..."

"होय म्हाराजा!" आम्ही सगळे.

"या पंपवाल्याच्या अस्तुरीच्या अंगात रगत नव्हतं, ते तू वाढवलंस..."

"होय म्हाराजा!"

"अकरा वर्सांची मागणी तू पुरी केलीस, तशीच तिला पुढेही..."

"काका! थांबा! रक्त वाढलेलं नाही!"

देवळाच्या पायऱ्यांवर लॅबवाली ताई उभी. हेल्मेट डोक्यावर तसंच, पायातली एक चप्पल कुठेतरी सुटलेली. आमच्यातला एकजण सवयीने "होय म्हाराजा" म्हणून गेला.

मला पहिल्यांदा रागच आला. "अगो ताई, तुझ्याच मशीनने सांगितलं. तेरा पूर्णांक नऊ!"

"टेम्पोची चावी द्या आधी. तुम्हाला वीस फोन केले. घरी जाऊन आले. काकूंचे हात गार पडलेत, नाडी लागत नाही नीट. अॅम्ब्युलन्स दुसरीकडे गेली आहे. चला!"

माझ्या कपाळाला गुलाल होता आणि हातात पेढ्याचा पुडा. तो पुडा कोणी घेतला, मी कुठे ठेवला, मला आजपर्यंत आठवत नाही. चावी खिशात होती, आणि मी भलतेच खिसे चाचपत होतो. शेवटी ताईने माझ्या खिशात हात घालून चावी काढली.

देवळापासून घर दोन मिनिटांवर. त्या दोन मिनिटांत ताई मला सांगत होती आणि मी टेम्पो हाकत ऐकत होतो.

"काका, दही फडक्यात बांधून टांगलं की काय होतं?"

"चक्का होतो."

"दाट होतो ना? दही वाढतं का?"

"वाढतं कुठे? पाणी गळून जातं."

"तेच झालंय. रक्तातलं पाणी नसांतून बाहेर पाझरतंय, पोटात, छातीत साठतंय. आत उरलं ते दाट झालं. म्हणून आकडा वर गेला. काकूंचं नेहमीचं साडेदहा आहे हे मला माहीत, मशीनला काय माहीत? मशीन म्हणालं, तेरा म्हणजे उत्तम. ती दुसरी बाटली घेतो ना, तिच्या कागदावर पहिल्या दिवसाचा आकडा आणि आजचा आकडा शेजारी शेजारी लिहावा लागतो. लिहिला आणि मला घामच फुटला."

मी त्या क्षणी काय केलं असेल? काही नाही. गाडी चालवत होतो. तोंड उघडं होतं, पण त्यातून काही निघत नव्हतं, आणि ज्यांनी मला ओळखलंय त्यांना या वाक्याचा अर्थ कळेल. माझी बायको आतल्या आत सुकत होती, आणि मी ढोल वाजवायचा तेवढा बाकी ठेवून त्याचा उत्सव करत होतो. देवाला साक्षी ठेवून, पाच माणसांच्या होकारासकट.

आम्ही तिला टेम्पोत घेतली तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता. मिरकरवाड्याला बोटींवर बर्फ चढवतात, तो मी लहानपणी उचललेला आहे. तो हात तसा होता, वर घामाने ओला. ओठ पांढरे. मी म्हटलं, "अगो, बघ माझ्याकडे." तिने बघितलं, पण ती नजर माझ्यापर्यंत पोचायला जरा वेळ लागला.

शहरातल्या रुग्णालयात तिला थेट अतिदक्षता विभागात नेली. दारातून मला ऐकू आलं, "चौऱ्याण्णव, खाली अठ्ठ्याहत्तर." रक्तदाबाचे वरचा आणि खालचा असे दोन आकडे असतात आणि त्यांच्यात चांगलं अंतर लागतं, हे मला तेव्हाच कळलं. ते दोन आकडे जवळ यायला लागले की माणूस दूर जायला लागतो. सलाईन सुरू झालं. किती वेगाने द्यायचं हे ते दर थोड्या वेळाने बदलत होते. कमी पडलं तर रक्त दाट राहणार, जास्त झालं तर तेच पाणी पाझरून फुप्फुसात भरणार. पंपाचा दाब कसा ठेवायचा हे आयुष्यभर मी लोकांना शिकवलं, आणि तिथे तो दाब ठेवणाऱ्या पोरीच्या बोटांकडे मी असा बघत होतो जसा भुकेला कुत्रा ताटाकडे.

आमचे डॉक्टर दुपारी तिथे आले. त्यांनी माझ्या कपाळावरचा गुलाल बघितला आणि कशाचा ते विचारलं नाही. मीच सांगितलं. सांगितल्याशिवाय राहवेना. त्यांनी तिचे कागद वाचले.

"मी म्हटलं होतं ना, ताप उतरला की जास्त सांभाळा. धोक्याची वेळ तिथून सुरू होते."

"तुम्ही म्हटलं होतंत, डॉक्टर. मी अर्धंच ऐकलं."

"बहुतेक जण अर्धंच ऐकतात. ताप गेला की आनंद होतो माणसाला."

"पण सोमवारीच कळलं नसतं का? रक्त तर सोमवारीही काढलं होतं."

"नसतं कळलं. त्या दिवशी माझ्याकडे डेंग्यूचे आणखी चार पेशंट होते. सगळ्यांचा ताप सारखा, सगळ्यांचे आकडे साधारण सारखे. ते चारही आज घरी पेज खातायत. कुणाचं असं होणार हे आधी सांगेल अशी भरवशाची खूण आमच्या हातात अजून नाही. काही गोष्टी हाती लागतायत, लिव्हरचे आकडे, रक्तातली काही द्रव्यं. पण यांना दाखल करा आणि यांना घरी पाठवा, असं दुसऱ्या दिवशी छातीठोकपणे सांगता येत नाही."

मला वाटत होतं, विज्ञानाच्या पोटात सगळं लिहून ठेवलेलं असतं आणि डॉक्टर लोक हस्ताक्षर वाईट म्हणून आपल्याला सांगत नाहीत. त्यांनाही माहीत नसतं, हे मला त्या दिवशी कळलं.

तेवढ्यात लॅबवाली ताई माझ्यासमोर सुई घेऊन उभी. "काका, अभ्यासाला घरातल्या माणसांचंही रक्त लागतं. देताय?" सुईला मी एवढा भितो की लसीच्या वेळी मी दोनदा रांगेतून पळालो होतो, पण त्या दिवशी मी दोन्ही हात पुढे केले. तिने एक थेंब एका पट्टीवरही टाकला आणि थोड्या वेळाने पट्टी माझ्यासमोर धरली.

"तुम्हालाही होऊन गेलाय काका. अलीकडेच, असं दिसतंय."

"मला? मला तर शिंकसुद्धा आली नाही!"

"काहींना कळतच नाही."

मी त्या पट्टीकडे बघत बसलो. तेच घर, तेच पिंप, कदाचित तोच डास. मला चावला आणि मी बीट सोलत बसलो. तिला चावला आणि ती त्या काचेच्या पलीकडे होती. मी रोज दोन भाकऱ्या जास्त खातो, एवढाच काय तो आमच्यातला फरक मला दिसत होता. या असल्या वाटपाला कोणी जबाबदार असेल, तर त्याला मला समोर उभं करून विचारायचं होतं. आणि पिंप माझं होतं हे आठवलं, तेव्हा तो विचारही गिळला.

मेहुणा लांज्याहून तासाभरात आला. आल्या आल्या म्हणाला, "प्लेटलेट किती?" मी त्याला सांगितलं, प्लेटलेटचं नाव काढशील तर याच खिडकीतून लांज्याला पोचशील. तो माझ्या शेजारी बसला आणि त्याने माझा गुडघा धरला. पाच मिनिटांनी माझ्या लक्षात आलं, तो रडत होता.

संध्याकाळी परिचारिकेने माझ्या हातात आकड्यांच्या रेघा असलेलं प्लॅस्टिकचं भांडं दिलं. म्हणाली, "काका, पेशंटला लघवी झाली की मोजायची आणि या कागदावर वेळेसकट लिहायची. दुपारपासून झालेली नाही. शरीरात पाणी टिकतंय की नाही, ते याच्यावरून कळेल." मला आत जायला परवानगी दिली. मी भांडं घेऊन पलंगाशी बसलो. रात्रीबद्दल मी काही सांगणार नाही. कागदावर पहाटेपर्यंत दोनच नोंदी होत्या, तीस आणि चाळीस मिलिलिटर. मधली जागा मोकळी. इतकी मोकळी जागा मी आयुष्यात बघितली नाही.

उजाडलं. परिचारिकेने रक्त नेलं, रक्तदाब घेतला आणि गेली. मी पुन्हा तिचा हात धरला. गार होता, पण कालच्याएवढा नाही, असं मला वाटलं. वाटलं म्हणून मी ते कोणाला सांगितलं नाही. वाटण्यावर माझा विश्वास उरला नव्हता.

नऊच्या सुमारास बायको म्हणाली, "अहो."

"काय गो?"

"बाईंना बोलवा. लागलीय."

मी परिचारिकेला हाक मारली. पडदा लागला. मी पडद्याबाहेर उभा, आणि कान असे लावलेले की गावच्या नमनाच्या खेळाला कधी लावले नसतील. परिचारिका बाहेर आली आणि तिने भांडं माझ्या हातात दिलं. मी ते उजेडाकडे धरलं. एकदा वरून बघितलं, एकदा खाली वाकून डोळ्यांच्या रेषेत धरून बघितलं, पंपाची टाकी बघतो तसं. दोनशे वीस. फिकट, स्वच्छ. परिचारिका पहिल्यांदा हसली. म्हणाली, "रक्तदाबही सुधारलाय काका. सकाळच्या रिपोर्टात रक्त पातळ व्हायला लागलंय. आता स्थिरावलंय म्हणा."

मी दाराकडे धावलो. बाहेरच्या बाकांवर मेहुणा, शेजारच्या काकी, गाऱ्हाणं अर्धवट राहिलेले आजोबा आणि आमच्या वाडीची आणखी सातआठ माणसं रात्रभर जागून बसली होती. मी दार ढकललं, भांडं वर धरलं आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असा ओरडलो, "झाली! दोनशे वीस झाली!"

मेहुण्याने मला भांड्यासकट मिठी मारली. आजोबांना कमी ऐकू येतं, ते विचारायला लागले, काय झालं, मुलगा की मुलगी? काकी खाली बसून हुंदके देत होत्या. रखवालदार आम्हाला गप्प करायला आला आणि आकडा ऐकून तोही म्हणाला, "चांगली झाली हो."

मागे दार अजून उघडंच होतं. आतून तिचा आवाज आला, बारीक, पण साडेपंधरा आणे तिचाच.

"अहो, लाज वाटते का काही? दार लावा आधी ते!"

मी दार लावलं. लावायला जरा वेळ लागला. हाताला कडीच सापडेना.